सैतानासकट तळलेली अंडी

"निघाला! सैतानाचा केस निघाला!"

शनिवारी आमच्या वाय्यापाम्पा गावच्या चौकात एवढी गर्दी लोटली की बटाटे विकायला आलेल्या बायकाही माल सोडून टाचा उंचावून उभ्या राहिल्या. गावोगाव फिरून सैतान उतरवणारा मायेस्त्रो सेलेदोनियो कोंबडीचं अंडं रोग्याच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचा, काहीबाही पुटपुटायचा आणि ग्लासातल्या पाण्यात फोडायचा. आत बलकाला वेढलेला काळा केस! लोक छातीवर क्रूस काढायचे.

शेवटी एदिल्माची पाळी आली. विशीतली पोर, माझ्या खाणावळीत वाढायला असते. दार आपटलं की तिच्या हातून बशी सुटते, रात्र रात्र झोप नाही. तिची आई रुफिना तिला ओढतच घेऊन आली होती. तिच्या अंड्यातून तर केसांचा पुंजकाच निघाला.

"हा चिवट आहे!" मायेस्त्रो गरजला. "लहानपणापासून घर करून बसलाय. उद्या प्रार्थनेनंतर उघड्या पाठीवर फटके द्यायचे, अंगाची आग करणाऱ्या आग्या पाल्याचे!"

फटके म्हणताच एदिल्मा पांढरीफटक पडली. तिच्या सावत्र बापाचा कातडी पट्टा सगळ्या गल्लीला ठाऊक होता. तो कधीच मेला, पण पोर अजून दचकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रुफिना हात जोडून उभी, तिला कोण सांगणार?

मायेस्त्रो उतरला होता माझ्याकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी फर्मान सुटलं, "ओतिलिया, चार अंडी तळून चौकात आण!" नेमक्या माझ्या कोंबड्या त्या दिवशी संपावर. म्हणून मी त्याच्याच खोलीत ठेवलेल्या टोपलीतली अंडी घेतली. पहिलं तव्यात फोडलं, तर काळा केस! दुसऱ्यातही केस! मी आधी माझी वेणी चाचपली, मग मला हसू आवरेना.

बशी आणि टोपली घेऊन चौकात धावले. एदिल्मा भिंतीकडे तोंड करून उघड्या पाठीने उभी होती, आणि मायेस्त्रोने पाल्याची जुडी उगारली होती.

"मायेस्त्रो, आधी खाऊन घ्या! गरमागरम आहेत, सैतानासकट!"

"हे काय आणलंस?"

"तुमच्याच टोपलीतली अंडी. ही तर कुणाच्या अंगावरून फिरवली नव्हती. मग हा सैतान कुणाचा, माझ्या तव्याचा?"

चौकात खसखस पिकली.

"टोपली बाटवलीस, बये!" तो ओरडला.

तोवर दवाखान्यातल्या डॉक्टर पालोमिनोबाईंनी टोपलीतलं एक अंडं उचलून सगळ्यांना दाखवलं. "हे बघा. सुईने भोक पाडलं, केस आत सरकवला, वर मेण लावलं. झाला सैतान तयार!"

मायेस्त्रो टोपी घ्यायलाही थांबला नाही.

"मग माझ्या पोरीला झालंय तरी काय?" रुफिना रडकुंडीला आली.

"रुफिनाताई," डॉक्टरबाई म्हणाल्या, "लहानपणी मेंदू घडत असतो. तेव्हा रोज मार बसला, की मेंदूतली धोक्याची घंटा फार हळवी होते आणि तिला गप्प करणारा भाग दुबळा राहू शकतो. मारणारा गेला तरी घंटा वाजतच राहते. त्यातूनच हा धसका, ही उदासी. आणखी मारलंत तर घंटा जोरात वाजेल. पण मेंदू नवंही शिकतो. तिला माझ्याकडे बोलायला पाठवा, लागलं तर औषध देऊ."

"म्हणजे मी झपाटलेली नाही?" एदिल्माने विचारलं.

"नाही गं. तू मार खाल्लेली आहेस."

रुफिना लेकीजवळ आली. "मी दाराआड उभी असायचे गं. बाहेर नाही आले."

एदिल्माने खाली पडलेली ती जुडी उचलून माझ्या हातात दिली. "मावशी, चुलीत घाल."

माझ्या बशा अजून फुटतात, पण कमी. परवा तर एक फुटली आणि एदिल्मा चक्क हसली!

तेव्हा बाबांनो, एखादं पोर दचकत असेल, रडत असेल, तर अंडी फोडत बसू नका. त्याला जवळ घेऊन विचारा, "तुला कोण मारतं?" आणि तो हात आधी धरा.