ओढ्यातला ढीग

सरपंच ओडील यांच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. त्यांचा गोठा माझ्या खिडकीतून दिसतो. पण त्या दारात आल्या की मी मागच्या बागेत सटकतो, म्हणून त्यांनी टपालानं लिहिलं होतं: 'मास्तर, निवडणुकीच्या उमेदवारांच्या यादीत एक नाव कमी पडतंय. महिनाअखेरपर्यंत मिळालं नाही, तर आपलं गाव खालच्या ब्रेवाँ गावाला जोडायची बोलणी सुरू होतील. तुम्ही उभे राहाल का?'

मी अनेकदा लिहायला बसलो. मला गायीतलं काही कळत नाही, चार माणसांत घसा कोरडा पडतो. नकारही नीट लिहिता येईना.

शनिवारी गावच्या जंगलातल्या सरपणाची सोडत होती. दर घरामागे एक ढीग, ढिगांचे आकडे टोपीत. ओडीलनी पहिली चिठ्ठी काढली ती त्यांच्याच भावाच्या घरासाठी, आणि ढीग नेमका रस्त्यालगतचा.

"वा!" जमलेल्यांतला फिर्मँ ओरडला. "टोपी बहिणीच्या हातात, मग काय!"

"मग तू काढ," ओडील म्हणाल्या.

"हा? हा टोपीत डोकं घालून बघेल," म्हातारा आन्सेल्म म्हणाला. "मास्तरांना काढू द्या. त्यांचं कुणाशी भांडण नाही."

"दोस्तीही नाही," फिर्मँ म्हणाला. "चालेल."

चिठ्ठ्या परत टोपीत गेल्या. मी एकेका घराची काढत गेलो. रस्त्यालगतचा ढीग फिर्मँलाच गेला. शेवटी माझी निघाली: तळाच्या ओढ्यातला ढीग, जिथून वर यायला ट्रॅक्टरसुद्धा कुरकुरतो.

सगळे हसत सुटले.

"अहो मास्तर, स्वतःचं तरी बघायचंत!" ओशाळून लाल झालेला फिर्मँ म्हणाला.

"टोपी खोल होती," मी म्हणालो.

"तुमचं सरपण मी वर आणून टाकतो. पण त्या यादीत नाव घाला बुवा. असाच माणूस हवाय तिथं."

म्हणजे पत्राचं गावभर माहीत होतं.

घरी येऊन मी दोन ओळी लिहिल्या: 'हो. पण भाषण करणार नाही.' मग खाडाखोड करायची इच्छा व्हायच्या आत बाहेर पडलो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पिवळ्या टपालपेटीशेजारी ओडील बुटांचा चिखल खरवडत होत्या.

"अहो, मी इथंच उभी आहे! हातात द्या की."

"तिकीट लावलंय," मी म्हणालो, आणि पत्र पेटीत टाकलं.