डबल ब्रेकची गाडी

मास्तरांना विश्रांतीची गरज आहे, हे सगळ्या घरानं मिळून ठरवलं होतं. फक्त मास्तरांना विचारायचं राहून गेलं होतं. नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला दोन दिवस डोंगरावर घेऊन जा. तिथे इतकं शांत असतं म्हणे, की माणसाला मोठ्यानं बोलायचीसुद्धा लाज वाटते." नणंदेचा नवरा म्हणाला, "न्याच." आणि मास्तरीणबाईंनी, दोघांचं मत बदलायच्या आत, शनिवार-रविवारची खोली सांगून टाकली.

मास्तरांच्या तब्येतीची काळजी होती, नाही असं नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती. बाईंच्या पोटात आठ महिन्यांपासून एक बातमी होती आणि ती सांगायला त्यांना शांत नवरा हवा होता. असा नवरा घरी सापडेल ही आशा त्यांनी कधीच सोडली होती.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. बावीस वर्षं त्यांची शाळा चालली होती आणि निम्मं गाव त्यांच्या शिव्या खाऊन गाडी शिकलं होतं. "क्लच! अहो क्लच! पायपुसणं आहे का ते?" हा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. त्यांच्यामुळे सगळे यांना मास्तरीणबाई म्हणत. लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी बायकोलाही शिकवायला घेतलं होतं. दहा मिनिटं. तिसऱ्यांदा गाडी बंद पडल्यावर मास्तर जे काही बोलले, ते ऐकून बाई मैदानाच्या मधोमध गाडीतून उतरल्या आणि चालत घरी आल्या. त्या दिवसापासून तो विषय दोघांनी काढला नाही. "घरच्या माणसाला शिकवणं होत नाही," असं मास्तर लोकांना सांगत, आणि लोक माना डोलवत.

आता बाईंची बातमी. गेल्या वर्षी, 'सकाळी फिरायला जाते' असं सांगून, बाई मैदानापलीकडच्या टोपीवाल्याच्या शाळेत गाडी शिकल्या. हा टोपीवाला मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं स्वतःची शाळा काढल्यापासून मास्तर म्हणत, "त्याची माणसं गाडी चालवत नाहीत, ढकलतात." बाई मात्र पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाल्या. परवाना आठ महिने पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत, चष्म्याखाली पडून होता.

तो तसाच पडून राहिला असता. पण बाई एका लॅबमध्ये काम करत. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, बर्फाची पेटी खांद्याला लावून बस पकडायची. लॅबनं आता छोटी गाडी घेतली होती, आसपासच्या खेड्यांसाठी. साहेबांनी विचारलं होतं, "तुम्ही चालवाल का? सोमवारी सकाळी नऊपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं माणूस बघतो." बाईंचा खांदा गेली चार वर्षं दुखत होता आणि ही गाडी त्यांना मनापासून हवी होती. पण ती रोज संध्याकाळी घरासमोर उभी राहणार. गाडी काही चष्म्याच्या डबीत मावत नाही. म्हणजे रविवार मावळायच्या आत नवऱ्याला सांगणं आलं, टोपीवाल्याच्या नावासकट.

निघाले ते शाळेच्याच गाडीतून. घरात तीच एक गाडी. टपावर 'शिकाऊ' अशी ठळक पाटी आणि शेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी बसवलेले जादा क्लच-ब्रेक. "पाटी काढू या का दोन दिवस?" बाईंनी विचारलं. "चार स्क्रू गंजलेत," मास्तर म्हणाले, आणि बाईंना स्वेटरच्या पिशव्यांबरोबर मागे बसवलं. शेजारच्या सीटवर सवय नसलेल्या माणसानं बसायचं नाही, असा शाळेचा नियम होता.

सपाटीच्या रस्त्यावर मास्तरांनी वेगाचा काटा चाळिशीच्या वर जाऊ दिला नाही. बस पुढे गेली, ट्रक पुढे गेले, एक ट्रॅक्टर पुढे गेला. पुढे जाणारा प्रत्येक जण आधी टपावरची पाटी वाचायचा आणि मग मास्तरांकडे कौतुकानं बघायचा. एका ट्रकच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलंच, "घाबरू नका काका, जमेल हळूहळू!"

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आता सांगण्यात अर्थ नव्हता. पुढे चहाला थांबल्यावर बाईंनी सुरुवात केली, "अहो, मी काय म्हणते..." तोवर मास्तर कप तसाच ठेवून उठले होते. समोर एक परका गृहस्थ गाडी मागे घेत होता आणि चुकीची घेत होता. मास्तरांनी त्याला तीनदा पुढे-मागे करायला लावलं. चहा गार झाला.

घाट सुरू झाला आणि मास्तर एकाएकी रसिक झाले. पहिल्या वळणावर गाडी कडेला घेऊन म्हणाले, "काय देखावा आहे!" दुसऱ्या वळणावरही देखावा होता. बाई चकित झाल्या. सूर्यास्ताबद्दल या माणसाचं आजवर एकच मत होतं, की तो डोळ्यांवर येतो. तिसऱ्या वळणावर मास्तर थांबले तेव्हा समोर नुसता कापलेला कातळ होता, तोही ओलाकच्च.

"देखावा कुठाय?" बाई म्हणाल्या.

"दगड बघ ना. जुना असणार," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कपाळ पुसलं.

तेव्हा बाईंनी नीट पाहिलं. शर्ट पाठीला चिकटला होता. निघताना गाडी हातभर मागे घसरली, मास्तरांनी हँडब्रेक असा ओढला की तो हातात यायचा बाकी राहिला. आणि बाईंच्या लख्ख ध्यानात आलं. बावीस वर्षं सकाळी एक विद्यार्थी मास्तरांना दारातून घेऊन जायचा आणि संध्याकाळी दुसरा आणून सोडायचा. भाजी आणायची तरी 'बाजारातली गर्दी शिकवतो' म्हणून कुणाला तरी चाकामागे बसवायचे. या माणसानं हजार जणांना गाडी शिकवली होती आणि स्वतः बावीस वर्षांत गल्लीबाहेर चालवलीच नव्हती! बाईंना आधी हसू फुटणार होतं. मग स्टिअरिंगवरची नवऱ्याची पांढरी पडलेली बोटं दिसली आणि हसू आतल्या आत विरलं.

"अहो, मला शिकवा ना," त्या एकदम म्हणाल्या.

"आत्ता? इथे?"

"असा रिकामा रस्ता पुन्हा कधी मिळायचा?"

बाईंनी वाद घालायची सगळी तयारी केली होती. कारण नियम म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. शिकाऊ परवाना घरी विसरून आलेल्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी भर मैदानात गाडीतून उतरवलं होतं. पण मास्तरांनी मुकाट्यानं किल्ली बाईंच्या हातात ठेवली, वळसा घालून आपल्या सीटवर जाऊन बसले आणि पाय आपल्या ब्रेकवर ठेवून त्यांनी मोठा श्वास सोडला. भीतीनं अक्कल गहाण पडली बिचाऱ्यांची, असं बाईंना वाटलं.

येत असलेली गाडी येत नसल्यासारखी चालवायची म्हणजे नाकी नऊ येतात. बाईंनी दोनदा गाडी मुद्दाम बंद पाडली, एकदा इंडिकेटरऐवजी वायपर लावला. "क्लच! अगं क्लच!" मास्तरांचा आवाज परत आला, मग रंग परत आला. नवव्या वळणापर्यंत ते काच खाली करून खरोखरच दरीकडे बघायला लागले होते. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस? मास्तर चांगला असला की एका घाटात माणूस तयार होतं!"

बाईंनी आणखी एकदा वायपर लावला.

डोंगरावरचं गाव खरंच शांत होतं. एकच मोठा रस्ता, त्याच्या मधोमध झोपलेलं एक कुत्रं आणि त्याला वळसा घालून जाणारी माणसं. ढग एका गल्लीतून शिरून दुसरीतून बाहेर पडत होते. या शांततेत मास्तरांचा आवाज छान घुमला. हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकाला त्यांनी सांगितलं, औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, बाकावर बसलेल्या एका अनोळखी जोडप्याला उठवून सांगितलं, "आज सकाळपर्यंत हिला गिअर कशाशी खातात माहीत नव्हतं!" प्रत्येक वेळी बाई हसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचे गाल दुखायला लागले.

मग मास्तर हॉटेलच्या गॅलरीत पाय लांब करून बसले आणि चक्क गुणगुणू लागले. ज्याच्यासाठी एवढा डोंगर चढून आल्या, तो शांत नवरा अखेर बाईंसमोर बसला होता. आणि आता तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. सांगायचं म्हणजे त्याची दिवसभराची कमाई त्याच्या ताटातून उचलून घ्यायची. अस्सा राग आला बाईंना! नवऱ्याचा नाही, स्वतःच्या हुशारीचा.

रविवारी सकाळी पावाला लोणी लावता लावता मास्तर म्हणाले, "रोज सराव केलास तर वर्षअखेरीला परीक्षेला बसवीन तुला."

वर्षअखेर! बाईंच्या डोळ्यांपुढे बर्फाची पेटी आणि उद्याचे नऊ उभे राहिले. त्यांनी पर्स उघडली, डबी उघडली आणि परवाना मास्तरांच्या बशीशेजारी ठेवला.

मास्तरांनी बोटं पुसली. परवाना हातभर लांब धरून बघितला. "फोटो बरा आलाय," ते म्हणाले.

"एवढंच?"

"आणखी काय? परवाना नसता तर मी तुला किल्ली दिली असती का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या टोपीवाल्यानं पहिल्याच दिवशी फोन केला होता मला. म्हणाला, मास्तर, वहिनी आल्यात, शिकवू का नको? मी म्हटलं, शिकव." मास्तरांनी पुन्हा पाव हातात घेतला. "दोनदा येऊन लांबून बघितलंही. रिव्हर्स वाईट घेतेस."

आठ महिने! आठ महिने ही बाई चोरासारखी डबी बंद करत होती आणि हा माणूस शेजारी बसून मजा बघत होता. "म्हणजे मी शिकायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत?"

"हो म्हटलं ना मी पण."

"हो म्हटलंत! केवढे उपकार! आणि काल गावभर टेंभा मिरवलात तो?" हॉटेलचा म्हातारा चहा घेऊन दारापर्यंत आला होता, तो तसाच मागे फिरला.

मास्तर बराच वेळ पावाचे तुकडे करत राहिले. "मग काय सांगायचं होतं लोकांना?" ते हळूच म्हणाले. "की मास्तरांना घाट चढता येत नाही? पाय लटपटत होते गं माझे. तू किल्ली मागितलीस तेव्हा रडूच येणार होतं."

बावीस वर्षांत 'येत नाही' हे शब्द बाईंनी या तोंडून ऐकले नव्हते. राग गेला नाही, जायचं काही कारणही नव्हतं. पण नवऱ्याची दया आली, आणि त्या दयेत माया होती, हे बाईंना नाकारता येईना. त्यांनी परवाना उचलून पर्समध्ये टाकला, डबीबाहेर.

"उठा. उतरताना तुम्ही चालवायची."

"नको."

"मी शेजारी बसते. ब्रेक आहे माझ्याकडे."

मास्तर चाकामागे बसले ते दाढ काढायला बसल्यासारखे. बाई शेजारी बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. "दुसरा गिअर. आरसा बघा. हं, सावकाश." समोरून एक बस भोंगा वाजवत वर आली. बाईंचा पाय ब्रेकवर गेला, पण त्यांनी तो दाबला नाही. मास्तरांनी श्वास रोखून गाडी कडेला घेतली, बस निघून गेली.

"छान," बाई म्हणाल्या.

आपल्या शाळेत हा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता, हे मास्तरांना जाणवलं असावं.

सहाव्या वळणाआधी उतार चांगलाच तीव्र झाला. मास्तरांचे दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट आणि डोळे रस्त्याला खिळलेले. नवरा शांत होण्याची वाट बाईंनी आठ महिने बघितली होती. आत्ता तो जन्मात नव्हता इतका अशांत होता, आणि बाईंना कळलं की हीच वेळ बरी.

"लॅबनं गाडी घेतलीय," त्या म्हणाल्या. "खेड्यांवर न्यायची. उद्या नऊ वाजता मी त्यांना हो म्हणून सांगणार आहे. गाडी संध्याकाळी आपल्या दारात उभी राहील."

मास्तरांनी तोंड उघडलं. वळण आलं. तोंड मिटलं.

"विचारत नाहीये, सांगतेय," बाई म्हणाल्या. "समोर बघा."

"बघतोय."

गाडी दोन वळणं उतरली. मास्तरांनी एकदा घसा खाकरला.

"आणि लॅबच्या साहेबांनी तुम्हाला फोन केला, वहिनींना गाडी देऊ का म्हणून, तर काय सांगाल?"

मास्तरांनी आणखी एक अख्खं वळण विचार केला. "सांगेन, की मला काय विचारता? तिला विचारा."

"हं," बाई म्हणाल्या. "आता तिसरा टाका."