चांगल्या कार्याचं बोलावणं

गावात कुणी गेलं, की पहिली हाक बलभीमला. बांबू तोडणं, त्यावर कडबा पसरणं, सुतळीनं तिरडी आवळणं, विस्तवाचं मडकं धरायला देणं, सगळं तोच करायचा. मिसरूड फुटल्यापासून करत आला, आता सत्तरी उलटली. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. आणि गावानं त्याचे पांग कसे फेडले? लग्नाच्या अक्षता त्याच्या दारावरून पुढं जायच्या. तिरडी बांधणारा हात मांडवात नको म्हणे! बुंदीचं ताट मात्र झाकून घरपोच यायचं. वा रे गाव!

बलभीमला याचं काही वाटत नव्हतं, का वाटूनही तो बोलत नव्हता, हे त्याच्या बायकोला जन्म गेला तरी उमगलं नाही. तिला, प्रेमाबाईला मात्र वाटायचं. तामलवाडीच्या बाजाराला जाताना बाया कुणाच्या लग्नात कोण रुसलं ते सांगायच्या, आणि ही आपली पिशवीचे बंद चाळवत बसायची. डोळे मिटायच्या आत नवऱ्याला एकदा तरी चांगल्या कार्याचं बोलावणं यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

यंदा गावानं म्हाताऱ्या माणसांचा सत्कार काढला. शाळेच्या पटांगणात मांडव, भोंगा, शाल, नारळ, सगळा थाट. कमिटीतला व्यंकट घरोघर सांगत फिरला. याच गल्लीतून गेला, पण या दाराला तेवढा वळसा. प्रेमाबाईनं लाज गुंडाळून ठेवली आणि त्याला पारावर गाठलं.

"व्यंकट, तुज्या काकाला सांगायचं ऱ्हायलं का रं?"

व्यंकटनं इकडंतिकडं पाहिलं. "काकी, राग मानू नका. समदी पिकली पानं. त्यात काका म्होरं बसले, तर कुनाच्या तरी मनात येतंयच की."

"तुज्या बापाची तिरडी ह्यांनीच बांधली न्हवं? तवा न्हाय कुनाच्या मनात काय आलं?"

व्यंकट मान खाली घालून निघून गेला.

सत्काराच्या दिवशी तिनं हट्टानं बलभीमला धुतलेलं पांढरं धोतर नेसायला लावलं. "कशापायी?" त्यानं विचारलं. "आसू द्या," ती म्हणाली. दुपारी त्याला जेवायला वाढलं. शाळेकडून भोंग्याचा आवाज येत होता. पाहुणे आता येतीलच, जागा सोडू नका, असं कुणीतरी सकाळपासून सांगत होतं. मध्येच भोंगा बंद पडला. लाईट गेली असंल, असं म्हणून तिनं भाकरी उलथली.

एवढ्यात व्यंकट दारात उभा. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. उंबऱ्याच्या आत काही तो आला नाही.

"काका, सरपंचानं बोलवलंय. जेवा निवांत, मग चला."

प्रेमाबाई अशी हरखली, की तिला पदराचं भान राहिलं नाही. तांब्या भरून पुढं केला, तर व्यंकट म्हणाला, "पानी नगं, काकी." गडबडीत असंल लेकरू. बलभीमनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग हिच्याकडं पाहिलं. उरलेली भाकरी मुकाट्यानं संपवली, हात धुतला आणि उठला.

"टोपी नीट घाला!" तिनं मागून ओरडून सांगितलं.

मग काय विचारता! म्हातारीच्या पायाला भिंगरी लागली. अंगणात सडा घातला, शिरा ढवळला, ताटात कुंकू, सुपारी, निरांजन मांडलं. कुणाला सांगावं तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकटीच हसत बसली. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा बलभीम आला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, खांद्यावर शाल नाही. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"थांबा तितंच, ओवाळते," तिनं घाईघाईनं वात पेटवली.

"ते आत ठिव," बलभीम म्हणाला. "पायावर पानी घाल. आन् लिंबाचा पाला आन चावाया."

मसणातून आलेलं माणूसच दारात कडुलिंबाचा पाला मागतं. ताट तिच्या हातात तसंच राहिलं.

"कोन?"

"श्रीमंतअण्णा. पाव्हण्यांची वाट बघत सकाळपासनं उनात बसवलं हुतं म्हाताऱ्याला. खुर्चीतच मान टाकली."

"आन् शाल?"

"त्याची त्याच्याच अंगावर घातली. तशीच तिरडी बांधली म्या."

जेवत्या माणसाला मरणाची बातमी सांगत नाहीत, आणि सांगावा आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं होय? असले सांगावे याच दारात तिनं जन्मभर पाहिले होते. पण आनंदानं आंधळी झाली होती बिचारी.

तिनं घागर आणली. त्याच्या एका पायावर पाणी घातलं.

"व्यंकटानं पानी घेतलं न्हाय, तवाच तुमाला कळलं हुतं?"

"व्हय."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

बलभीमनं दुसरा पाय पुढं केला.

"तू टोपी नीट घाला म्हनलीस," तो म्हणाला. "कसं सांगू?"