दोन ढगाळ दिवसांची बॅटरी

घरावरच्या सौर पॅनेलसाठी बॅटऱ्या घेताना सेरूने डोकं चांगलंच चालवलं होतं. जहाजावर वीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस तो. चार दिवे, एक पंखा, एक फ्रीज. फ्रीज सुरू होताना जो दणका देतो तोही धरून इन्व्हर्टर, आणि दोन दिवस ऊन पडलं नाही तरी पुरतील एवढ्या बॅटऱ्या. फ्रीज थंड राहायलाच हवा होता, कारण त्यात वासितीचं इन्सुलिन होतं. बायकोचा जीवच त्या कप्प्यात ठेवलेला.

चूक एकच झाली, त्याने घर एकच धरलं. फिजीच्या त्या बेटावर घर कधी एकच असतं का? मागणाऱ्याला नाही म्हणणं तिथे चोरीपेक्षा वाईट. पहिल्याच आठवड्यात गावाचे पंधरा फोन चार्जिंगसाठी त्याच्या भिंतीला लटकले, मग सगळ्यांचे ताजे मासे फ्रीजमध्ये येऊ लागले.

आज ढगांचा तिसरा दिवस. बॅटरी सव्वीस टक्क्यांवर आली होती आणि विसाला इन्व्हर्टर आपोआप बंद होणार होता. तेवढ्यात चुलतभाऊ इसोआ दोन टोपल्या मासे घेऊन दारात हजर.

"ठेव रे फ्रीजमध्ये. रविवारच्या जेवणाचे आहेत."

"जागा नाही रे."

"का, आमचे मासे चावतात का तुझ्या फ्रीजला?"

नाही म्हणायला सेरूची जीभ रेटेना. त्याने हळूच मागे हात नेऊन इन्व्हर्टरचं बटण दाबलं. हिरवा दिवा विझला.

"बघ, बिघडलाच मेला!" तो म्हणाला.

तासाभराने सुरू करू, तेवढ्यात फ्रीज काही तापत नाही, असा त्याचा विचार. पण इसोआचा चेहरा असा काही उतरला, की सेरूला तिथे उभं राहवेना. कोयता घेऊन तो अळूच्या मळ्याकडे निघून गेला.

परतला तेव्हा वारा सुटला होता. वासिती उंबऱ्यात बसली होती.

"इसोआ माझं औषध घेऊन गेला. पलीकडच्या बेटावर, दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवायला. मासे तसेच वाळूत टाकले त्याने. मी म्हटलं, समुद्र खवळलाय. तर म्हणतो, वहिनी, समुद्र काय रोजचाच आहे."

"सगळं नेलं?"

"सगळं."

सेरू किनाऱ्याकडे धावला. होडी लाटांवर वरखाली होत लांब गेली होती.

"परत ये! बिघडलं नाही काही! खोटं बोललो मी!" घसा फाटेपर्यंत ओरडत त्याने दोन्ही हात हलवले.

इसोआने वळून पाहिलं. त्यानेही हात उंचावून निरोप घेतला, आणि इंजिनाचा वेग वाढवला.