डावं दार

बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या डाव्या दारावर हलकेच टेकवलं. ते चिकटलं. चार बोटं खाली सरकवलं, तिथंही चिकटलं. दोन पावलांवर उभ्या असलेल्या मिस्त्रीची छाती फुगत चालली.

पोचा बुजवायला पत्र्यावर पुट्टी भरलेली असली की चुंबक सुटून पडतं. या दारात गुंजभरही पुट्टी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या मेहुण्यानं त्यांची ही लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार हौसेनं बाहेर काढली आणि फाटकाच्या खांबावर घातली. दाराचा पार चुराडा झाला. डॉक्टर, एवढा मोठा सर्जन, गॅरेजमध्ये लहान मुलासारखे रडले होते. मग मिस्त्रीनं चार महिने, रोज आपलं काम उरकून, तो पत्रा ठोकून ठोकून मूळ वळणावर आणला.

आज सकाळी बायकोनं त्याच्या पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री करून दिली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "जुन्या गाड्या जमवणारं जोडपं गाडी बघायला येतंय, मोठे दर्दी आहेत. तूही हवास." तीस वर्षं दर रविवारी त्या गाडीखाली पाठ टेकलेल्या माणसाला काय वाटणार? आता आपली ओळख करून देणार, असंच वाटलं. बायकोलाही तसंच वाटलं.

ओळख झालीच म्हणा.

"हा आमचा माणूस," डॉक्टर म्हणाले. "गाडी पुसायला येतो."

आणि पाठोपाठ, पापणीही न लववता, "कारखान्यातून आली तशी आहे. कुणाचा हात लागलेला नाही."

मिस्त्रीला आधी वाटलं, डॉक्टर थट्टा करताहेत. मग उलगडा झाला. या दर्दी मंडळींची तऱ्हाच उफराटी. उत्तम दुरुस्त केलेल्या गाडीपेक्षा कधी न उघडलेली गाडी त्यांना प्यारी. म्हणजे त्यानं जिवापाड केलेलं काम मुळी झालंच नव्हतं, असं ठरलं होतं, आणि ते ठरवताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला धड रागही येईना.

बाईंचे यजमान बॉनेटभोवती घिरट्या घालत "सुंदर, सुंदर" म्हणत होते. पारख होती ती बाईंना. त्यांनी चुंबक ठेवून दिलं, दार उघडलं आणि डोळे मिटून आतल्या पत्र्यावरून बोटं फिरवली. मध्येच थांबल्या.

"डॉक्टर, हे दार हातानं घडवलंय."

"छे हो, काहीतरीच!"

"आतून हातोडीचे ठसे लागतात बोटांना. बारीक, एकसारखे." बाईंनी डोळे उघडले. "मी तक्रार करत नाहीये. असा हात मी कुठं पाहिला नाही. कोण ते? कुठं असतात?"

मिस्त्रीनं हातातलं फडकं खिशात कोंबलं आणि एक पाऊल पुढं टाकलं.

"वारले ते," डॉक्टर म्हणाले. "तेवढं दार केलं आणि गेले बिचारे. बाकी गाडी अस्सल आहे."

तीस वर्षांत डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदाच 'ते' म्हटलं होतं, तेही मारून टाकल्यावर.

"अरेरे," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं.

पुसणारा म्हटलं, ते मिस्त्रीनं गिळलं असतं. घरी जाऊन बायकोला काहीबाही थाप मारली असती. याच डॉक्टरांनी तिचं ऑपरेशन केलं होतं, एक पैसा न घेता, आणि शुद्धीवर येईपर्यंत उशाशी बसले होते. त्या माणसानं आपल्याला डोळ्यांदेखत संपवावं?

"काका, तुम्ही ओळखत होता त्यांना?" बाईंनी विचारलं.

आता कुठं डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. नजरेत विनवणी होती, आणि थोडी जरबही.

"ओळखत होतो." मिस्त्रीला स्वतःचाच आवाज परका वाटला. "बाई, हे दार आपटून लावू नका. वरच्या बिजागरीत दोन पातळ चकत्या घातल्यात. त्या सरकल्या की दार खाली बसतं. मग जरा उचलून लावायचं. असं."

त्यानं तळहातानं दार उचललं आणि अलगद लावलं.

बाई दाराकडे बघतच नव्हत्या. त्या त्याचा वाकडा अंगठा बघत होत्या, नखांत कायमचं मुरलेलं काळं बघत होत्या. यजमानांचं "सुंदर" अर्ध्यावरच थांबलं.

"मिस्त्री," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "आतून जरा पाणी आण बरं यांना."

म्हणाले आणि त्यांनी ओठ चावला.

"पाणी राहू दे," बाई म्हणाल्या. "काका, आणखी काय काय केलं होतं त्यांनी?"

मिस्त्रीचे डोळे भरून आले होते. त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं नाही.

"बसा," तो म्हणाला. "इंजिनापासून सांगतो."