दादाच्या पायातले मोजे

दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेचं तोंड त्याने जेमतेम पाहिलं होतं, पण मोज्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पुरुषांच्या कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात सूट विकायला सहा जण होते, टायला दोघे, आणि मोज्यांना मास्तर एकटा. नक्षीचे मोजे म्हटले की भलेभले बिचकतात. बिचकणाऱ्याला धीर देणं हेच मास्तरचं काम. "टाय बघा," तो सांगे, "त्यातला सगळ्यात बिचारा रंग उचला. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो ना, तो. तोच मोज्यात आणा. बाकी सगळं आपोआप जमतं." मग तो गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवी, समोर गुडघा टेकून स्वतः मोजा पायात चढवी आणि पँट कुठवर सरकते ते बघे. उभ्या माणसाचे मोजे दिसतातच कुठे? जे काय दिसायचं ते बसल्यावर. म्हणून माणसाला बसवल्याशिवाय मोजा विकायचा नाही, हा त्याचा नियम होता.

हा नियम त्याने एकदाच मोडला, तोही सख्ख्या भावासाठी.

दादा त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. बसच्या आगारात मेकॅनिक. वडील गेले तेव्हा मास्तर सात वर्षांचा होता, त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून या दुकानात चिकटवण्यापर्यंत सगळं दादाने केलं. त्या शनिवारी दादा निवृत्त होणार होता. आगारातल्या मंडळींनी निरोपाचा कार्यक्रम ठरवला होता, दादाला व्यासपीठावर बसायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोट शिवला होता. "मोजे मात्र छोट्याकडचे," असं त्याने महिनाभर आधीच घरात जाहीर करून टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी तो दुकानात आला. कामावरून थेट आला होता. बुटांवर ऑइलचे डाग, नखांत काळं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कोट आणि टाय.

आणि नेमके त्याच वेळी मास्तरसमोर वकीलसाहेब बसलेले. हे दर महिन्याचं गिऱ्हाईक. कधीतरी त्यांनी सहज विचारलं होतं, घरी कोण कोण असतं, आणि मास्तरच्या तोंडून निघून गेलं होतं की मोठा भाऊ इंजिनिअर आहे. का निघून गेलं देव जाणे. वकीलसाहेब "अरे वा" म्हणाले होते, आणि त्या एका "अरे वा"साठी पुढे तीन वर्षं हा गडी भावाला बढत्या देत सुटला होता. आता त्या थापेप्रमाणे दादा परदेशी कंपनीत होता आणि वर्षातले सहा महिने विमानात असायचा.

मास्तरने दादाला दारात बघितलं. दादा हसत पुढे आला, काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मास्तर घाईघाईने बोलून गेला, "या साहेब, या. आपल्याला काय दाखवू?"

दादाने मागे वळून पाहिलं. आपल्या मागून कोण साहेब आला, ते बघायला.

मागे कोणीच नव्हतं. दादाने एकदा वकीलसाहेबांच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं, एकदा मास्तरकडे, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. मास्तर आजही शपथेवर सांगेल, दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर फार बरं झालं असतं.

"मोजे हवे होते," दादा म्हणाला. "या कोटावर. साहेब."

कोट गडद निळा. टाय मरून, तिच्यावर बारीक निळी रेघ. झोपेत विचारलं असतं तरी मास्तरने सांगितलं असतं: निळे मोजे, त्यावर मरून बुंदके. दादाच्या मापाची तशी एकच जोडी उरली होती आणि ती वकीलसाहेब हातात घेऊन उलटसुलट करत होते. "जरा थांबा" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मास्तरला दादा तिथे एक मिनिटही उभा राहायला नको होता. त्याने खालचा खण ओढला आणि दोन वर्षं कोणी ढुंकून न पाहिलेली जोडी काढली. मोहरीच्या फुलांसारखे पिवळेधमक मोजे, त्यावर तळहाताएवढ्या लाल चौकटी. ती त्याने भावाच्या गळ्यात मारली.

"सध्या हेच चालतं," तो म्हणाला.

"जरा भडक नाहीत का हो? मला स्टेजवर बसायचंय. सगळे समोरच."

"बिनधास्त घाला."

दादाने स्टुलाकडे पाहिलं. "बसून बघू का? तुम्ही बसवून बघता म्हणे."

हे त्याला कोणी सांगितलं होतं? मास्तरनेच, दादाच्या घरी जेवताना, शंभर वेळा, फुशारकी मारत. दिवसभर परक्यांच्या पायांपुढे गुडघे टेकणाऱ्या या माणसाला त्या दिवशी ज्या पायांनी चालत दादाने त्याला खांद्यावरून शाळेत पोचवलं, त्यांच्यापुढे वाकायची लाज वाटली. तो म्हणाला, "नाही, गरज नाही."

दादाने पैसे दिले, "आभारी आहे" म्हणाला आणि गेला. वकीलसाहेबांनी बुंदक्यांची जोडी काउंटरवर ठेवून दिली. "नको, असेच घरी दोन पडलेत," ते म्हणाले.

ती जोडी खिशात घालून मास्तर शुक्रवारी संध्याकाळी दादाच्या गल्लीपर्यंत गेला. खिडकीत दिवा होता, आतून वहिनीचं हसणं ऐकू येत होतं. मोजे बदलून द्यायला दोन मिनिटं लागली असती. पण मोज्यांबरोबर काय बोलायचं, हे काही केल्या सुचेना, आणि तो कोपऱ्यावरूनच माघारी फिरला. रात्रभर स्वतःला शिव्या देत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

शनिवारी तो आगाराच्या सभागृहात मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसला. वहिनी पार पुढे होती, तिने त्याला पाहिलं नाही. व्यासपीठ चांगलं छातीएवढं उंच, म्हणजे वर बसणाऱ्यांचे पाय बरोबर लोकांच्या डोळ्यांसमोर. दादा खुर्चीत बसला, पँट वर सरकली, आणि पहिल्या रांगेतून खुसखुस सुरू झाली.

"अहो, पायात दिवे लावलेत का?" एक ड्रायव्हर ओरडला. सभागृह खो खो हसलं. मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले, पण ते मोजे काही लपणाऱ्यातले नव्हते. सगळ्यांची भाषणं होईपर्यंत तो तसाच पाय मुडपून बसून राहिला.

मग दादा बोलायला उभा राहिला. आधी गाड्यांविषयी बोलला, साहाय्यकांविषयी बोलला, आणि मग म्हणाला, "मोज्यांना हसताय, हसा. पण ते जाणकार माणसाने निवडलेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला कळतं." लोक पुन्हा हसले, या वेळी जरा मायेने. खांबामागे बसलेल्या जाणकार माणसाला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. आज तोंड चुकवलं तर जन्मात तोंड दाखवता येणार नाही, एवढं मास्तरला कळलं होतं. गर्दीतून वाट काढत तो दादापाशी पोचला. दादाच्या शेजारी आगाराचे नवे व्यवस्थापक उभे होते. टाय, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, अगदी दुकानातल्या गिऱ्हाइकासारखे.

दादाचा चेहरा त्याला बघून उजळला. त्याचा हात सवयीने मास्तरच्या खांद्याकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"हे कोण?" व्यवस्थापकांनी विचारलं.

दादाने व्यवस्थापकांकडे पाहिलं. त्यांच्या बुटांकडे पाहिलं. मग तो मास्तरच्या कानाशी वाकला आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, अगदी मनापासून त्याने विचारलं,

"भाऊ म्हणून सांगितलं तर चालेल ना तुम्हाला?"