खाटेखालचा मसाला

अठ्ठावन्न साली कतारमधल्या दुखानच्या तेलवस्तीत आमच्या खोलीचं बीफ मीच रांधायचो. बशीर रत्नागिरीचा, दिलावर म्हसळ्याचा. दोघांच्या आयांनी घरच्या मसाल्याचे डबे कापडात शिवून पाठवलेले. “त्याचा मसाला घातलास तर मी जेवणार नाही,” असा दोघांनीही दम दिला. माझं डोकं फिरलं. दोन्ही डबे मी खाटेखाली ढकलले आणि दोहाच्या इराणी दुकानदाराकडची मसाल्याची पुडी पातेल्यात रिकामी केली.

पहिल्याच घासाला बशीरचे डोळे भरून आले. “ही माझ्या आईच्या हातची चव!”

“गप रे! हा आमचा म्हसळ्याचा मसाला,” दिलावर गुरकावला.

डबे रिकामे झाले, असं मी दोघांनाही सांगून टाकलं. दोघांनी लगेच घरी पत्रं टाकली, मसाला संपला, आणखी पाठव.

आता खाटेखाली चार डबे आहेत. इराण्याची पुडी मात्र दर शुक्रवारी आणावी लागते.